मजुरीचं काय ते बघा

गॅरेजच्या बिलात दोन भाग असतात. वर पार्ट, खाली मजुरी. वरचा भाग वाचताना गाडीमालक शांत असतो. ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, ब्रेक पॅडचा सेट, कूलंट दोन लिटर... मान डोलत डोलत खाली येते आणि मजुरीच्या आकड्यापाशी थांबते. चष्मा कपाळावर जातो, बिल डोळ्यांपासून थोडं लांब धरलं जातं, आणि महाराष्ट्रातल्या यच्चयावत गॅरेजांत रोज ऐकू येणारं वाक्य कानी पडतं, "पार्टचं ठीक आहे हो. मजुरीचं काय ते बघा."

पार्टचं ठीक असतं, कारण पार्ट डबीतून येतो. डबीवर कंपनीचं नाव असतं, होलोग्राम असतो आणि सगळ्या करांसह छापलेली किंमत असते. ब्रेक पॅड खरोखर बदलले का, हे चाक काढून बघणारं गिऱ्हाईक विरळा; रिकामी डबी दाखवली की त्याचं समाधान होतं. मजुरीला डबी नसते. ती गाडीखाली उताणं पडून, तोंडावर ऑइलचे थेंब झेलत केलेली असते आणि काम संपलं की तिचा मागमूस उरत नाही. किंबहुना काम जितकं चोख, तितका मागमूस कमी. गाडी खडखड करायची, आता करत नाही. न येणाऱ्या आवाजाचे साडेतीन हजार रुपये मोजायचे म्हटल्यावर हात खिशाशी अडखळणारच.

"अहो, अर्ध्या तासात तर झालं! मी इथेच उभा होतो," हा गिऱ्हाइकाचा लाडका युक्तिवाद. काम अर्ध्या तासात झालं तर 'एवढ्याशा कामाचे एवढे?' आणि तेच काम तीन दिवस चाललं तर 'तीन दिवस गाडी अडवून ठेवलीत, वर पैसे कसले मागता?' मजुरी रास्त वाटायला लागणारा वेळ या दोहोंच्या मध्ये कुठेतरी, साधारण सकाळी दहा ते संध्याकाळी सहा असा आहे. हे ओळखून मुरलेला मिस्त्री गाडी अकराला तयार झाली तरी फोन पाचनंतरच करतो. मधला वेळ गाडी झाडाखाली बॉनेट उघडं टाकून उभी असते. मालक दुपारी सहज म्हणून डोकावला, तर त्याला उघडं बॉनेट दिसलं पाहिजे.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये झाडही नसतं आणि मालकाला आत प्रवेशही नसतो. तिथला हिशेब पुस्तकी. प्रत्येक कामाला किती वेळ लागावा, हे कंपनीने आधीच नेमून दिलेलं असतं. त्या वेळेला सेंटरच्या तासाच्या दराने गुणलं की मजुरी तयार. मेकॅनिकने प्रत्यक्षात किती वेळ घेतला, याच्याशी बिलाचा संबंध नाही. चपळ हाताने दीड तासात उरकलं काय किंवा शिकाऊ पोराने दिवस घालवला काय, आकडा तोच. ही पद्धत जगभर चालते आणि तिच्यामागे तर्कही आहे. मेकॅनिकच्या आळसाचे पैसे गिऱ्हाइकाने का भरावेत?

भांडण लागतं ते दोन कामं एकत्र आली की. क्लच प्लेट बदलायची तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. गिअरबॉक्स उतरला की दिसतं, क्रँकचं मागचं ऑइल सीलही गळतंय. आता त्या सीलच्या नेमलेल्या वेळेतसुद्धा गिअरबॉक्स उतरवणं-चढवणं धरलेलं असेल आणि दोन्ही ओळी जशाच्या तशा बिलात उतरल्या, तर कागदावर गिअरबॉक्स दोनदा उतरतो आणि दोनदा चढतो. हे ध्यानात आलेला गाडीमालक काउंटरवर आवाज शक्य तितका शांत ठेवून विचारतो,

"माझ्या गाडीत गिअरबॉक्स किती आहेत?"

"एकच आहे, सर."

"मग उतरवले किती?"

"सिस्टीममध्ये तसंच येतं, सर."

पूर्वी भांडायला मालक सापडायचा. नंतर मालक बाहेरगावी जायला लागले आणि मॅनेजर सापडायचा. सिस्टीम मात्र आजवर कोणत्याही काउंटरवर येऊन उभी राहिलेली नाही.

मजुरी म्हणजे फुकटची बाब, ही समजूत गाडीमालकाला लावली कुणी? बऱ्याच अंशी कंपन्यांनीच. नव्या गाडीबरोबर पहिल्या काही 'फ्री सर्व्हिस' मिळतात. त्यांत ऑइलचे पैसे पडतात, फिल्टरचे पडतात. फुकट असते ती फक्त मजुरी. गाडीशी ओळख होण्याच्या काळातच माणूस शिकतो, की रबराच्या रिंगेला किंमत आहे आणि ती बसवणाऱ्या हाताला नाही. कुपनं संपल्यावरच्या पहिल्या सर्व्हिसिंगला मजुरी लागते तेव्हा त्याला वाटतं, दर वाढवले.

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने यावर केव्हाच तोडगा काढलाय. गिऱ्हाईक मजुरी देत नाही ना? मग मजुरी घ्यायचीच नाही. ती पार्टमध्ये घालायची. पुण्यात नाना पेठेतून, मुंबईत कुर्ल्याहून माल आणायचा आणि आणताना त्याच्या अंगावर थोडी मजुरी चढवायची. गिऱ्हाइकाला विचारायचं, "ओरिजनल टाकू, ओईएम टाकू, की लोकल?" ओरिजनल म्हणजे मोटार कंपनीच्या डबीतला. ओईएम म्हणजे ज्या कारखान्याने तो पार्ट कंपनीला बनवून दिला, त्याच्याच डबीतला, बहुधा स्वस्त. लोकल म्हणजे जिच्यावर या दोघांपैकी एकाचं नाव एखादं अक्षर इकडचं तिकडे करून छापलेलं असतं ती डबी. तिन्ही भावांच्या मधल्या फटीत मिस्त्रीचं घर चालतं. वहीच्या पानावर लिहिलेल्या हिशेबात शेवटी 'मजुरी ३००' एवढंच असतं आणि गिऱ्हाईक कौतुकाने म्हणतं, "माणूस बघा किती वाजवी आहे."

या व्यवस्थेला सुरुंग लावतं ते 'पार्ट मी आणून देतो' म्हणणारं गिऱ्हाईक. ते रविवारी मोबाइलवर भाव बघतं, सोमवारी हाफ डे टाकून नाना पेठेत जातं. दुकानदार विचारतो, मॉडेल कुठलं, साल कुठलं, पेट्रोल की डिझेल, एलएक्सआय की व्हीएक्सआय? लोअर आर्म डावा हवा की उजवा? गाडी समोरून बघितल्यावर डावा की ड्रायव्हर सीटवर बसल्यावर डावा? या शेवटच्या प्रश्नाला भलेभले गारद झाले आहेत. उजव्या बाजूचा डावा घेऊन ते गॅरेजवर पोचतं. मिस्त्री पार्ट हातात घेतो, उलटा करतो, सुलटा करतो, काही बोलत नाही. नंतर बरोबरचा पार्ट आला की दोन गोष्टी सांगतो. एक, "पार्ट तुमचा, गॅरंटी तुमची." दोन, मजुरीचा आकडा. तो तीनशे नसतो. आतापर्यंत पार्टच्या पदराखाली राहिलेली मजुरी पहिल्यांदाच उघड्यावर आलेली असते आणि तिचं खरं वय बघून गिऱ्हाईक हबकतं.

पार्टच्या भावावरून झालेलं देशातलं सगळ्यात मोठं भांडण मात्र कोपऱ्यावर झालं नाही. २०११ साली शमशेर कटारिया यांनी भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली, की मोटार कंपन्या आपले अस्सल स्पेअर पार्ट आणि दुरुस्तीची यंत्रं बाहेरच्या गॅरेजांना मिळूच देत नाहीत आणि त्यामुळे गाडीमालकाला कंपनीच्याच दारात जाऊन कंपनीचाच भाव द्यावा लागतो. सुरुवात तीन कंपन्यांपासून झाली, चौकशी वाढत गेली आणि ऑगस्ट २०१४मध्ये आयोगाने १४ कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. हिशेब होता सरासरी उलाढालीच्या २ टक्के. कंपन्यांनी ते बिल वाचलं, आकड्यापाशी थांबल्या आणि अपिलात गेल्या. २०१६ साली अपील न्यायाधिकरणाने त्यांतल्या काहींच्या बाबतीत दंड पूर्ण उलाढालीवर न मोजता फक्त स्पेअर पार्टच्या उलाढालीवर मोजायला सांगितलं. चकचकीत बोर्डरूममधल्या साहेब लोकांनीही शेवटी तेच म्हटलं होतं, चूक-बरोबर राहू द्या, आकड्याचं काय ते बघा.

पूर्वी हे असं नव्हतं म्हणणारे काका प्रत्येक सोसायटीत असतात. त्यांच्याकडे प्रीमियर पद्मिनी होती, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. नंतर मारुती ८०० आली. तिची पहिली किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते १४ डिसेंबर १९८३ रोजी दिली गेली, हेही काका सांगतात. त्या काळी कार्ब्युरेटर साफ करायचा, पॉइंट घासायचे, प्लगचा गॅप बघायचा, की गाडी चालू. मिस्त्री लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटून कोणता सिलिंडर आजारी आहे ते सांगायचा. मालक शेजारी टॉर्च धरून उभा असायचा. टॉर्च धरल्यामुळे त्याला आपणही निम्मं काम केल्यासारखं वाटे आणि मजुरीतून तेवढं वजा व्हावं अशी रास्त अपेक्षाही असे. म्हणजे तेव्हाही भांडण होतंच. फक्त दोघांचे हात काळे असल्यामुळे ते जरा प्रेमाने व्हायचं.

आता इंजिनवर प्लास्टिकचं झाकण आहे, झाकणाखाली सेन्सर आहेत आणि एप्रिल २०२०मध्ये बीएस-६ आल्यापासून धुराचीही हजेरी संगणक घेतो. मिस्त्री स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये स्कॅनर लावतो आणि पडद्यावर 'पी०३००' असा कोड उमटतो. याचा अर्थ एवढाच, की इंजिनचे ठोके चुकताहेत. प्लगमुळे, कॉइलमुळे, इंजेक्टरमुळे, कुठून हवा शिरल्यामुळे की भेसळीच्या पेट्रोलमुळे, ते शोधायचं काम तिथून पुढे सुरू होतं. गिऱ्हाइकाच्या लेखी ते तिथेच संपतं.

"पाचशे कसले?"

"स्कॅनिंगचे, साहेब."

"नुसतं बघायचे पैसे? ते तर मशीनने सांगितलं. तुम्ही काय केलंत?"

"डॉक्टरला तपासायचे देता ना?"

"डॉक्टर शिकलेला असतो."

"मग गाडी त्यांच्याकडेच न्या."

शोधण्याचे पैसे कुणी देत नाही म्हटल्यावर शोधणं बंद होतं आणि बदलणं सुरू होतं. आधी प्लग बदलून बघू, नाही जमलं तर कॉइल. प्रत्येक पार्टची डबी असते, डबीवर किंमत असते, आणि गिऱ्हाईक ती बिनबोभाट भरतं. पाचशे रुपये वाचवायला सहा हजारांचे पार्ट पडतात. तक्रार मात्र पाचशेचीच लक्षात राहते.

संशय हा काही मराठी स्वभावाचाच विशेष नाही. १९४१ साली अमेरिकेतल्या 'रीडर्स डायजेस्ट'ने एक उद्योग केला. धडधाकट गाडीच्या कॉइलची एक वायर मुद्दाम सुटी करायची आणि गाडी गॅरेजमध्ये न्यायची. वायर डोळ्यांना दिसेल अशी लोंबती. देशभरातल्या ३४७ गॅरेजांपैकी १२९ जणांनी ती सरळ पाहून जोडून दिली. उरलेल्या २१८ जणांना इंजिनात नाना व्याधी दिसल्या, काहींनी नको ते पार्ट बसवले, काहींनी न केलेल्या कामाचे पैसे लावले. पुढे १९७३ साली मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी अशा मालाचा विचार केला, ज्याची गरज होती की नव्हती हे घेतल्यानंतरही गिऱ्हाइकाला कळत नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे गाड्यांची दुरुस्ती होतीच. त्या निबंधाच्या शीर्षकाचा भावार्थ असा : खुली स्पर्धा आणि फसवणुकीचं इष्ट प्रमाण. 'इष्ट प्रमाण' ऐकून एखादा गॅरेजमालक तो निबंध फ्रेम करून गल्ल्यामागे लावायचा.

गाडीमालकाच्या खऱ्या उपयोगाचं संशोधन नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाशी जोडलेल्या मंडळींनी केलं. त्यांनी माणसं बसवून असंख्य गॅरेजांना फोन करवले. गाडी एकच, २००३ची टोयोटा कॅमरी. काम एकच, रेडिएटर बदलणं. काहींनी म्हणायचं, ३६५ डॉलर होतील असं ऐकलंय. काहींनी म्हणायचं, ५१० होतील असं ऐकलंय. काहींनी म्हणायचं, आपल्याला काहीच कल्पना नाही. ५१० म्हणणाऱ्याला जास्त भाव सांगितला गेला. कल्पना नाही म्हणणाऱ्यांत बाईला पुरुषापेक्षा जास्त सांगितला गेला. आणि ३६५ म्हटलं, की बाई-पुरुष हा फरकच नाहीसा झाला. गंमत पुढे आहे : किंमत कमी करा म्हटल्यावर गॅरेजवाले पुरुषांपेक्षा बायकांचं जास्त वेळा ऐकत होते. भाजीच्या गाडीवर पिढ्यान् पिढ्या तयार झालेलं हे कौशल्य घरात असताना गाडी गॅरेजला न्यायला मात्र नवरेच जातात, आणि काउंटरवर म्हणतात, "तुमच्या हिशेबाने करा."

मजुरीबद्दलचा हा सगळा कडवेपणा एका प्रसंगी मात्र पार वितळतो. गाडी ठोकली की. डेंटिंग-पेंटिंगवाला पहिला प्रश्न विचारतो, "कॅश की इन्शुरन्स?" आणि उत्तराप्रमाणे खर्चाचे दोन वेगळे अंदाज निघतात. साध्या पॉलिसीत रबर, नायलॉन आणि प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, फायबर ग्लासवर ३० टक्के, काचेवर काही नाही, लोखंडी भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे. म्हणजे नव्या बंपरचे निम्मे पैसे मालकाच्या खिशातून. मजुरीवर मात्र घसारा नाही. हे कळल्या क्षणी त्याच माणसाच्या ठायी श्रमप्रतिष्ठेचा उदय होतो. "पत्रा काढायला केवढी मेहनत पडते हो! दोन माणसं दोन दिवस तरी लागतीलच. लावा, व्यवस्थित लावा." मिस्त्रीला भरून येतं. मग विमा कंपनीचा सर्व्हेअर येतो, गाडीभोवती एक चक्कर मारतो, फोटो काढतो आणि अंदाजपत्रकावर पेन टेकवून म्हणतो, "पार्टचं ठीक आहे. मजुरी जरा जास्त वाटतेय."

भांडण हातघाईवर आलं, की गिऱ्हाईक 'कन्झ्युमर कोर्टात खेचतो' म्हणतं आणि गॅरेजवाला 'मग गाडी मिळणार नाही' म्हणतो. कायद्याने दोघांकडेही थोडं थोडं बळ आहे. १८७२च्या भारतीय करार कायद्याचं कलम १७० सांगतं, की दिलेल्या वस्तूवर श्रम वा कौशल्य खर्च करून काम पुरं केलं असेल, तर मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेता येते. कायद्यात उदाहरण दिलंय ते हिऱ्याचं : पैलू पाडायला दिलेला हिरा जवाहिऱ्याने पैसे मिळेपर्यंत अडवून ठेवला तर तो त्याचा हक्क. बारा वर्षं जुन्या, मागचं दार दोरीने बांधलेल्या गाडीला हिऱ्याच्या पंगतीला बसवणारं एवढं उदार कलम दुसरं नसेल. त्याच कलमात शिंप्याचंही उदाहरण आहे. शिंप्याने तीन महिन्यांची उधारी कबूल केली असेल, तर कोट अडवून ठेवता येत नाही. तेव्हा "पैसे कुठे पळतात साहेब, सावकाश द्या" असं म्हणणारा मिस्त्री मनाचा मोठा असला तरी कायद्याचा कच्चा असतो.

गिऱ्हाइकासाठी २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, १९१५ हा मदतीचा क्रमांक आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या मामल्याला जिल्हा आयोगात फीसुद्धा नाही. फक्त बिल लागतं. नेमकं तेच नसतं, कारण १८ टक्के जीएसटी वाचवायला "पक्कं बिल नको, असंच काय ते सांगा" असं गिऱ्हाइकानेच म्हटलेलं असतं. सप्टेंबर २०२५पर्यंत गाडीच्या बहुतेक पार्टवर २८ टक्के आणि मजुरीवर १८ टक्के कर होता. आता दोन्हींवर १८. सरकारने पार्ट आणि मजुरी एका पंक्तीला आणून बसवली, तरी गिऱ्हाइकाने पंक्तिभेद सोडलेला नाही.

कॅलिफोर्नियात १९७१च्या कायद्यापासून गॅरेजवाल्याला खर्चाचा अंदाज आधी लेखी द्यावा लागतो, आकडा वाढणार असेल तर पुन्हा परवानगी घ्यावी लागते आणि मागितले तर जुने पार्ट परत द्यावे लागतात. आपल्याकडे जुने पार्ट मागून घेण्यासाठी कायद्याची गरज पडलेली नाही. बदललेला क्लच, घासलेले पॅड, तुटलेला लिंक रॉड वर्तमानपत्रात बांधून घरी येतो आणि बाल्कनीत कुंडीमागे विसावतो. त्याचा उपयोग काय, असं घरच्यांनी विचारू नये. पैसे कशाचे दिले त्याचा तो एकमेव पुरावा असतो. मजुरीचा असा तुकडा घरी नेता येत नाही, हेच तर तिचं दुखणं आहे.

तर शेवटी तडजोड होतेच. बिल झालेलं असतं ८,७४०. गिऱ्हाईक म्हणतं आठ, मिस्त्री म्हणतो साडेआठ आणि साडेआठवर दोघांचाही मान राहतो. सूट कशातून जाते हे सांगायला नको. मोबाइलवरून पैसे जातात, स्पीकर 'प्राप्त हुए' असं ओरडतो, गाडी निघते. पहिल्याच सिग्नलला विजयी वीर मेहुण्याला फोन लावतो.

"साडेआठ? दाजी, फसवलं तुम्हाला. मला आधी विचारायचं ना, आपला माणूस आहे हडपसरला."

प्रत्येक घरात हा 'आपला माणूस' असतो. तो फोन उचलत नाही, गुरुवारी बंद असतो, गाडी ठेवून घेतली तर आठ दिवस देत नाही, आणि त्याच्या गॅरेजचा पत्ता 'मोठ्या पिंपळापासून आत विचारा' असा असतो.

"घेतो किती तो मजुरी?"

"मजुरी? छे! मजुरी तो घेतच नाही. पार्टमध्ये काय ते लावून घेतो."